रांग न मोडता रांगेबाहेर: स्वमग्न मुलांसाठी थीम पार्कमधली सोय कशी चालते, आणि आपला फोन त्यात काय करू शकतो?

मागच्या महिन्यात मावशीचा चिंचवडहून फोन आला. "अरे, बाळाला पार्कला न्यायचंय. तू ते मोबाईलचं लिहितोस ना, रांगेत उभं न राहण्याचं काही अ‍ॅप असतं का बघ."

बाळा म्हणजे माझा मावसभाऊ. वय ११. तो स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला आपण सगळे ऑटिझम म्हणतो ते. लोकलच्या स्टेशनांची नावं त्याला पुणे ते लोणावळा क्रमाने पाठ आहेत आणि मळवलीला माझ्याकडे येताना कामशेत गेलं की तो स्वतःच उठून दारापाशी जातो. मात्र तीन वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका पार्कमध्ये पन्नास मिनिटांच्या रांगेत त्याचा जो काही त्रास झाला, त्यानंतर मावशी-काकांनी पार्कचं नावच टाकलं होतं. पत्र्याच्या छताखाली रांग, वर स्पीकर, मागचा माणूस सारखा खेटतोय. पस्तिसाव्या मिनिटाला बाळा खाली बसला, कान दाबून ओरडायला लागला. काकांनी गेटवरच्या माणसाला सांगितलं, मुलगा स्वमग्न आहे, जरा बाजूने सोडता का. तो म्हणाला, "याला तर काही झालेलं दिसत नाही."

त्या माणसाला दोष देऊन फायदा नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पण "दिसत नाही" हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून मावशीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि दोन ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लिहायचा होता त्याचा हा लेख झाला.

आधी एक गैरसमज काढू

बहुतेकांना वाटतं ही सोय म्हणजे रांग तोडून पुढे जाणं. तसं नाहीये. डॉक्टरांच्या दवाखान्यात आपण काय करतो? नंबर लावतो, कंपाउंडरला विचारतो "किती वेळ लागेल?", तो म्हणतो "तासभर", आणि आपण समोरच्या टपरीवर चहा प्यायला जातो. तासाने येतो, आपला नंबर आलेला असतो. आपण कुणाच्याही पुढे घुसलेलो नसतो. वाट तेवढीच बघितली, फक्त बाकड्यावर बसून बघितली नाही.

जगातल्या मोठ्या थीम पार्कमध्ये स्वमग्न मुलांसाठी जी सोय आहे ती नेमकी हीच आहे. रांगेची वेळ तीच, रांगेची जागा वेगळी. टेक्निकल भाषेत याला व्हर्च्युअल क्यू म्हणतात.

आता प्रश्न येतो की स्वमग्न मुलाला रांगेतच एवढं काय होतं? वाट बघायला तर कुणालाच आवडत नाही. फरक असा की आपला मेंदू नको असलेले आवाज, वास, स्पर्श मागे ढकलतो. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत हे गाळणं नीट होत नाही, सगळं एकाच आवाजात आत येतं. त्यात रांग कधी संपणार हे माहीत नाही, सारखी दोन पावलं पुढे आणि परत थांबा. हे साठत जातं आणि एका क्षणाला उतू जातं. त्याला मेल्टडाउन म्हणतात. तो हट्ट नसतो. हट्टी मूल मध्येच डोळे किलकिले करून बघतं, आई बघतेय का म्हणून. मेल्टडाउनमधल्या मुलाला आसपास कोण आहे याचं भानच नसतं. आणि हे सगळ्यांना सारखं होत नाही बरं का. काही स्वमग्न मुलांना रोलर कोस्टरचा प्रचंड वेग अगदी हवाहवासा वाटतो, नको असते ती फक्त खालची रांग. बाळा त्यातलाच.

डिस्नेने काय केलं, आणि कुठे अडकलं

या सोयीची सगळ्यात जास्त चर्चा अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमुळे झाली, म्हणून तिथली गोष्ट जरा नीट सांगतो. तिथे सगळे प्रयोग करून झालेत आणि सगळ्या चुकाही.

२०१३ पर्यंत डिस्नेकडे गेस्ट असिस्टन्स कार्ड होतं. साधं कार्ड. ते दाखवलं की बऱ्याच राइड्सना वेगळ्या वाटेने जवळजवळ लगेच प्रवेश मिळायचा. मग व्हायचं तेच झालं. गरज नसलेले लोकही कार्ड घ्यायला लागले. २०१३ च्या मे महिन्यात तर न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली की काही श्रीमंत कुटुंबं अपंग व्यक्तीला पैसे देऊन 'गाइड' म्हणून सोबत नेतात आणि तिच्या कार्डावर रांगा चुकवतात. प्रचंड बोंबाबोंब झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुनं कार्ड बंद करून डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस, थोडक्यात डीएएस सुरू केलं. हे आपल्या दवाखान्याच्या नंबरासारखं. राइडला साठ मिनिटांची रांग असेल तर तुम्हाला साधारण तेवढ्याच वेळाने परत यायची वेळ मिळते. तोवर खा, प्या, सावलीत बसा. एका वेळी एकाच राइडचा नंबर. सुरुवातीला ही वेळ घ्यायला तिथे जावं लागायचं, २०२१ पासून ती फोनवरच्या अ‍ॅपमधून घेता येते. नोंदणीही घरबसल्या व्हिडिओ कॉलवर.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. काही स्वमग्न मुलांना "एक तासाने परत ये" हेच जमत नाही. २०१४ मध्ये काही कुटुंबं डिस्नेविरुद्ध कोर्टात गेली. त्यातल्या एका तरुणाचं असं होतं की तो पार्कमध्ये ठरलेल्या क्रमानेच फिरतो. पहिली राइड, मग दुसरी, मग तिसरी. मधली एक वगळून पुढे जाऊन परत मागे येणं त्याला शक्यच नाही. त्याच्यासाठी 'नंबर लावून दुसरीकडे जा' ही सोय सोय राहतच नाही. त्याच्या आईचं म्हणणं होतं की आम्हाला थेट प्रवेशाचे पास द्या. अपिलात कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलं की यावर पूर्ण सुनावणी व्हायला हवी. सुनावणी झाली आणि २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला.

हे वाचताना मला बाळाची स्टेशनं आठवली. एकदा मालगाडीमुळे आमची लोकल मळवलीला न थांबता पुढे जाईल की काय असं वाटलं होतं, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्यामुळे मला स्वतःला त्या आईचं म्हणणं पटतं. पण डिस्नेचीही अडचण खोटी नाही. थेट प्रवेश म्हटलं की परत तो २०१३ चा बाजार सुरू होणार.

२०२४ च्या मे-जूनमध्ये डिस्नेने नियम आणखी आवळले. आता डीएएस मुख्यतः त्यांच्यासाठी आहे ज्यांना ऑटिझम किंवा त्यासारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे नेहमीच्या रांगेत जास्त वेळ थांबता येत नाही. व्हिडिओ कॉलवर गरज पडली तर आरोग्य क्षेत्रातली व्यक्तीही बोलते. खोटं बोलल्याचं आढळलं तर कायमची बंदी, तिकिटाचे पैसेही परत नाहीत. स्वमग्न मुलांच्या पालकांना याचा फायदा झाला, पण ज्यांना दुसरे आजार आहेत, पूर्वी ही सोय मिळायची आणि आता नाही, ते भयंकर चिडले. या बाबतीत सगळ्यांना खूश करणारा नियम अजून कुणाला सापडलेला नाही.

सिद्ध कसं करायचं? तीन वेगळी उत्तरं

मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते हे. व्हीलचेअर दिसते, स्वमग्नता दिसत नाही. मग गेटवर ओळखायचं कसं?

डिस्ने मेडिकल सर्टिफिकेट मागत नाही, बोलून ठरवतं. युनिव्हर्सलने वेगळा रस्ता धरला. तिथे आयबीसीसीईएस नावाच्या संस्थेकडून आधी ऑनलाइन अ‍ॅक्सेसिबिलिटी कार्ड काढायचं, त्यासाठी कागदपत्रं अपलोड करायची, आणि हे भेटीच्या किमान दोन दिवस आधी. म्हणजे तपासणीचं काम पार्कने बाहेरच्या संस्थेला दिलं. ब्रिटनमध्ये निंबस नावाची संस्था अ‍ॅक्सेस कार्ड देते, ते मला सगळ्यात आवडलं. त्या कार्डावर तुमच्या आजाराचं नाव नसतं, गरजेचं चिन्ह असतं. रांगेत उभं राहणं अवघड, सोबत माणूस लागतो, वगैरे. गेटवरच्या पोराला तुमचा रिपोर्ट वाचायची गरजच काय? त्याला एवढंच कळायला हवं की याच्यासाठी काय करायचंय.

चौथा प्रकार सिद्ध करण्याचा नाहीच, नुसतं कळवण्याचा आहे. हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये हे सुरू झालं. गळ्यात ती दोरी दिसली की स्टाफने समजायचं, या व्यक्तीला न दिसणारं अपंगत्व आहे, जरा दमाने घ्या. भारतात बेंगळुरूच्या विमानतळावर ती मिळते.

याच आयबीसीसीईएसकडून पार्कला 'सर्टिफाइड ऑटिझम सेंटर' असा शिक्काही मिळतो. फिलाडेल्फियाजवळचं सेसमी प्लेस २०१८ मध्ये असा शिक्का मिळवणारं पहिलं थीम पार्क ठरलं. आपल्याकडची बरीच मराठी कुटुंबं आखातात आहेत, त्यांच्या कामाची गोष्ट म्हणजे अबू धाबीच्या सीवर्ल्डलाही तो मिळालाय, आणि २०२५ मध्ये तर अख्ख्या दुबईला शहर म्हणून. शिक्क्यासाठी स्टाफला ट्रेनिंग द्यावं लागतं. पण माझ्या मते त्यातली खरी कामाची वस्तू आहे सेन्सरी गाइड. प्रत्येक राइडला स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य अशा पाच गोष्टींसाठी १ ते १० मार्क. आवाज ९, वास २, असं. घरून निघायच्या आधीच ठरवता येतं कुठे जायचं आणि कुठे नाही. यात मशीन नाही, खर्च नाही, एक कागद आहे. म्हणजे आपणही बनवू शकतो. त्याकडे येतोच.

आपल्याकडे काय आहे?

मळवलीतून घाट उतरलं की खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात इमॅजिका आहे. २०१३ मध्येच सुरू झालं, म्हणजे डिस्नेचं डीएएस आणि आपलं इमॅजिका एकाच वयाचे. इकडे लोणावळ्यात वेट एन जॉय वॉटर पार्क आहे. महाराष्ट्रातल्या पोरांची थीम पार्कशी पहिली ओळख बहुधा याच पट्ट्यात होते.

भारतातल्या बऱ्याच पार्कमध्ये एक्सप्रेस तिकीट मिळतं, इमॅजिकातही. जास्त पैसे द्या, छोट्या रांगेतून जा. व्यवहारात अनेक पालक तोच मार्ग धरतात आणि मावशीलाही मी तो पर्याय सांगितला. पण स्पष्ट बोलायचं तर ही सोय नाही, ही खरेदी आहे. ज्याला हौस म्हणून घाई आहे आणि ज्याला रांग झेपतच नाही, दोघांना एकच दर. शिवाय चार माणसांच्या कुटुंबाला चार एक्सप्रेस घ्यायचे म्हणजे सहलीचं बजेट गेलं.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यात स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. याच कायद्यात 'रीझनेबल अकोमोडेशन' म्हणजे वाजवी सोय हा शब्द आहे. समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता केलेला आवश्यक आणि योग्य तो बदल, ज्यामुळे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता येतो. करमणूक ही चैन आहे असंही कायदा मानत नाही, कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुडी खटल्यात सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी ठेवू नका, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा. पण आपल्याकडे सुगम्यता म्हटलं की डोळ्यासमोर रॅम्प येतो. रॅम्प हवाच. बाळाला मात्र रॅम्प नको, त्याला शांत कोपरा आणि परत यायची वेळ हवीये.

सिद्ध करायच्या बाबतीत गंमत म्हणजे आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. आपल्याकडे सरकारी कार्डच आहे, यूडीआयडी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. स्वमग्नतेसाठी आयएसएए नावाची भारतात तयार केलेली ४० मुद्द्यांची चाचणी वापरतात. कार्डावर १८ अक्षर-आकड्यांचा नंबर, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात एमएचने. हे कार्ड डिजिलॉकरमध्ये ठेवता येतं. बाळाचं कार्ड मावशीच्या कपाटात लॅमिनेट करून ठेवलेलं होतं, हरवू नये म्हणून. तीन वर्षांपूर्वी पार्कमध्ये ते सोबत नव्हतं! आता काका, मावशी आणि मी, तिघांच्या फोनमध्ये आहे.

आणि तक्रार करायची वेळ आलीच तर केंद्र सरकारचं सुगम्य भारत अ‍ॅप आहे, २०२१ मध्ये आलेलं, फोटो काढून तक्रार टाकता येते. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे.

आता फोन हातात घ्या

मावशीने अ‍ॅप विचारलं होतं. रांग गायब करणारं अ‍ॅप नाही. पण फोनमध्ये आधीपासून असलेल्या गोष्टी नीट लावल्या तर निम्मं काम होतं. आम्ही काय केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी यूट्यूब. 'पीओव्ही' शब्द टाकून राइडचं नाव शोधा. पहिल्या सीटवरून काढलेले व्हिडिओ मिळतात. बाळाने नायट्रो आणि राजासॉरस इतक्या वेळा बघितलंय की कुठल्या वळणाला लोक ओरडतात हे तो सांगतो. डीप स्पेस अंधारात धावते, सलीमगढ भुताटकीची आहे. हे व्हिडिओ आवाज मोठा करून दाखवले. सलीमगढला त्याने फोन उलटा ठेवला. झालं, यादीतून बाद.

मग आमचं स्वतःचं सेन्सरी गाइड. गुगल शीट उघडली, एका बाजूला राइड, वर आवाज, अंधार, धक्का, पाणी, गर्दी, आणि १ ते १० मार्क. 'चव' आम्ही काढून टाकली, राइडमध्ये चाखायचं काय? वॉटर पार्कची वेगळी ओळ केली, कारण तिथे ओले कपडे अंगाला चिकटतात आणि रेन डान्सचा डीजे असतो. बाळाला दुसरं चालतं, पहिलं अजिबात नाही.

तिसरं, चित्रांचं वेळापत्रक. गॅलरीत एक अल्बम, फोटो क्रमाने: गाडी, गेट, बॅग तपासणी, पहिली राइड, जेवण, शांत जागा, घर. फोटो डाउनलोड केलेले हवेत, पार्कमध्ये नेट मिळेलच असं नाही. आयफोनवर गाइडेड अ‍ॅक्सेस आणि अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग चालू केलं की तेवढं एकच अ‍ॅप स्क्रीनवर राहतं. नाहीतर अर्ध्या मिनिटात अल्बमचं यूट्यूब होतं, सगळ्यांना माहितीये.

जी मुलं बोलत नाहीत किंवा गडबडीत ज्यांचं बोलणं बंद होतं त्यांच्यासाठी जेलो नावाचं फुकट अ‍ॅप आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने म्हणजे आयडीसीने बनवलंय आणि मराठीत चालतं. चित्रावर बोट ठेवायचं, फोन बोलतो. बाळा एरवी बोलतो, पण त्रास सुरू झाला की त्याला शब्द सापडत नाहीत. तेव्हा 'नको' एवढं एक बटण पुरतं.

हेडफोनबद्दल एक सल्ला, कारण यात लोक पैसे घालवतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एकसुरी आवाज छान कमी करतात, एसीची घरघर, इंजिनाची धडधड. पण अचानक किंचाळी, शिट्टी, फटाका यांच्यासमोर ते तितके चालत नाहीत. त्यासाठी कारखान्यात कामगार घालतात तसे साधे इअरमफ जास्त बरे, आणि स्वस्तही. फक्त वेगवान राइडवर सुट्या वस्तू काढून ठेवाव्या लागतात, तेव्हा इअरमफही उतरवावे लागणार. हे मुलाला आधी सांगा. आयत्या वेळी डोक्यावरून कुणी खेचलं तर तिथेच सगळं संपलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हरवणं. अनेक स्वमग्न मुलं गर्दीतून अचानक चालू लागतात आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत. फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसणारी इमर्जन्सी माहिती भरा, आयफोनवर ती मेडिकल आयडी नावाने आहे. मुलाकडे फोन असेल तर लोकेशन शेअर करून ठेवा. आणि मुलाच्या हातावर आईचा नंबर बॉलपेनने लिहा. हो, बॉलपेनने. बॅटरी संपत नाही त्याची. सकाळी गेटवर मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो काढा, शोधताना "निळा टी-शर्ट होता की हिरवा" यात वेळ जात नाही.

रंगीत तालीम, भाज्याच्या लेण्यांवर

हे सगळं घरात बसून छान वाटतं. म्हणून आम्ही आधी आमच्याच गावात तालीम केली. मळवली स्टेशनवरून भाजे लेणी चालत जाण्याच्या अंतरावर. पावसाळ्यातल्या रविवारी तिथल्या धबधब्यापाशी जी गर्दी होते ती कुठल्याही पार्कला लाजवेल, पण आम्ही मुद्दाम पावसाळा संपल्यावरचा बुधवार निवडला. गुगल मॅप्सवर जागेचं पान उघडलं की कुठल्या वारी, कुठल्या तासाला गर्दी असते त्याच्या काड्या दिसतात. पार्कसाठीही तेच बघा.

अल्बममध्ये सात फोटो: लोकल, मळवलीचा बोर्ड, पूल, पायऱ्या, तिकीट, चैत्यगृह, वडापाव. तिकिटाच्या खिडकीपाशी काका एकटे थांबले, आम्ही लांब झाडाखाली. बाळाला फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावून दिला, आकडे कमी होताना त्याला दिसत होते. सहाव्या मिनिटाला काकांनी हात केला आणि आम्ही गेलो. इथे एक चूक झाली. टायमरमध्ये चार मिनिटं शिल्लक होती, आणि बाळा हलायला तयार नाही. दहा म्हणजे दहा! काका खिडकीशी तिकिटं घेऊन उभे, आम्ही झाडाखाली, आणि सगळे मिळून त्या चार मिनिटांची वाट बघतोय. आता टायमर कमीच लावायचा आणि लागला तर दुसरा लावायचा, हे ठरलं.

एक जण रांगेत आणि बाकीचे बाहेर, ही युक्ती नवीन नाही. कार्ल्याला एकविरा आईच्या दर्शनाला जाणारी कुटुंबं म्हाताऱ्या माणसांसाठी हेच करत आलीत. पार्कमध्ये यात एकच गोम आहे. शेवटच्या क्षणी तिघं येऊन रांगेत सामील झाले की मागचे ओरडणार, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून राइडच्या तोंडाशी असलेल्या स्टाफला आधी सांगायचं: "आमचा एक माणूस रांगेत आहे, तो इथे पोचला की आम्ही या बाजूने येतो, चालेल का?" रांग तोडली नाही, माणूस पूर्ण वेळ उभा राहिला. हे दवाखान्याच्या नंबरासारखंच, फक्त मशीनऐवजी काका.

चैत्यगृहात बाळा वीस मिनिटं बसला. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेली जागा, आत थंड, आवाज नाही, खांब एका रांगेत. सगळे खांब मोजून झाल्यावरच तो उठला. पार्कमध्ये अशी जागा कुठे असेल, हा प्रश्न तिथेच सुचला आणि तो यादीत सगळ्यात वर गेला.

पार्कला फोन करताना काय विचारायचं

तिकीट काढायच्या आधी फोन करा आणि शक्यतो ईमेलही, म्हणजे उत्तर लेखी राहतं आणि गेटवर दाखवता येतं. आमचा ईमेल साधा आहे. मुलगा ११ वर्षांचा, स्वमग्न, यूडीआयडी आहे. रांगेत थांबण्याऐवजी बाहेर थांबून वेळेला येता येईल का? एक माणूस रांगेत आणि बाकीचे नंतर, हे चालेल का? गर्दी आणि स्पीकर नाही अशी बसायची जागा कुठली? त्रास झाल्यास बाहेर जाऊन परत आत येता येतं का? इअरमफ आणि घरचा डबा आत नेऊ देतात का? डब्याचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण बाळा गेली चार वर्षं दुपारी वरण-भातच खातो, आणि "बाहेरचं खाणं आणू नका" हा नियम त्याला लावला तर दुपारी दोनला सहल संपते.

'कृपया सूट द्या' असं लिहू नका. सूट ही मेहेरबानी असते. "वाजवी सोय हवी आहे" असं लिहा, कायद्यातला शब्द आहे तो.

तुम्ही स्वतः अशा रांगेत उभे असाल आणि बाजूच्या वाटेने एखादं धडधाकट दिसणारं मूल आत जाताना दिसलं, तर मोबाईल काढून रेकॉर्ड करू नका एवढंच. खाली बसून ओरडणाऱ्या मुलाचं तर नकोच नको. बाळाचा तसा एक व्हिडिओ कुणीतरी काढला होता. मावशीला तो कुठल्याशा ग्रुपवर पाचव्या दिवशी मिळाला.

सहल डिसेंबरमधल्या एका मंगळवारी ठरलीये, शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आधी. ईमेल काल रात्री पाठवला. अल्बम मावशीने बाळाच्या ताब्यात दिलाय. त्याने त्यात दोन बदल केलेत. सलीमगढचा फोटो चुकून राहिला होता तो उडवला, आणि भाज्याचा वडापाव उचलून आणून नायट्रोच्या आधी ठेवलाय. नायट्रोच्या आधी खाऊ नये हे त्याला समजवायचं काम माझ्याकडे आलंय.